पंचवीस मिनिटांत पुणे: एका बातमीचं वाचन

बसून घ्या, मागच्या रांगेतल्यांनी पुढे यायला हरकत नाही.

सुरुवातीला जरा हात वर करा. ‘मुंबई–पुणे पंचवीस मिनिटांत’ अशी बातमी वाचल्याचं किती जणांना आठवतं? बरेच हात आहेत, जवळजवळ सगळे. आता दुसरा प्रश्न. ती गाडी आणणारी कंपनी बंद पडली, ही बातमी किती जणांनी वाचली? तीन, चार... हां, ते पाचवे गृहस्थ आमच्याच गटातले आहेत, त्यांना धरायचं नाही. (हशा)

आजचा विषय या दोन आकड्यांमधल्या फरकाचा आहे. या मालिकेत आम्ही आर्थिक, राजकीय आणि तंत्रज्ञानाच्या बातम्या संशयानं वाचायचा प्रयत्न करतो. बहुतेक वेळा ताजी बातमी घेतो. आज मुद्दाम मेलेली घेतली आहे, कारण ताज्या बातमीवर वाद होतो, मेलेल्या बातमीचं शवविच्छेदन करता येतं. शिवाय या एका बातमीत अर्थकारण, राजकारण आणि तंत्रज्ञान तिन्ही एकाच ताटात वाढलेलं होतं.

आधी घटनाक्रम. ऑगस्ट २०१३ मध्ये इलॉन मस्क यांनी लॉस एंजेलिस ते सॅन फ्रान्सिस्को या मार्गासाठी हायपरलूपचा एक आराखडा प्रसिद्ध केला. जवळजवळ निर्वात नळी, तिच्यात हवेवर तरंगणारा डबा, आणि प्रवास पस्तीस मिनिटांचा. आम्ही हे करणार नाही, ज्याला करायचं त्यानं करावं, असाच त्यांचा पवित्रा होता. मग ते करायला काही कंपन्या उभ्या राहिल्या. त्यातली एक हायपरलूप वन. २०१७ मध्ये रिचर्ड ब्रॅन्सन यांचा व्हर्जिन समूह तिच्यात आला आणि तिचं नाव व्हर्जिन हायपरलूप वन झालं. फेब्रुवारी २०१८ मध्ये मुंबईत ‘मॅग्नेटिक महाराष्ट्र’ हा गुंतवणूक मेळावा झाला. तिथे ब्रॅन्सन स्वतः आले, मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस होते, आणि मुंबई–पुणे हायपरलूपच्या करारावर सह्या झाल्या. प्रवास पंचवीस मिनिटांचा. वर्षाला पंधरा कोटी प्रवासांची क्षमता. तीस वर्षांत ५५ अब्ज डॉलरचा सामाजिक-आर्थिक फायदा. दोन-तीन वर्षांत प्रात्यक्षिकाचा मार्ग.

त्याच मेळाव्यात १२ लाख १० हजार कोटी रुपयांचे ४,१०६ सामंजस्य करार झाल्याचं जाहीर झालं. सामंजस्य करार म्हणजे काय, हे आपण मागे एकदा पाहिलंय, पुन्हा सांगत नाही. लग्नात ‘या बरं का एकदा घरी’ म्हणतात, तेवढीच त्याची सक्ती असते. (हशा)

पुढे जुलै २०१९ च्या शेवटी राज्य मंत्रिमंडळानं या प्रकल्पाला सार्वजनिक पायाभूत प्रकल्प म्हणून मान्यता दिली. वांद्रे-कुर्ला संकुल ते वाकड, ११७.५ किलोमीटर, खर्च सुमारे ७० हजार कोटी. त्यातला आधी ११.८ किलोमीटरचा प्रायोगिक तुकडा पुण्याच्या बाजूला. दुबईची डीपी वर्ल्ड आणि हायपरलूपची कंपनी मिळून मूळ प्रस्तावक. ही तीच डीपी वर्ल्ड, जी न्हावाशेव्याला कंटेनरचं टर्मिनल चालवते.

इथवर तारखा झाल्या. आता पाटी-पेन्सिल काढू. आम्ही जे गणित करणार आहोत त्याला अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. सातवीचा भागाकार पुरतो. आणि महत्त्वाचं म्हणजे यातला जवळजवळ प्रत्येक आकडा बातमीतच छापलेला होता.

११७.५ किलोमीटर पंचवीस मिनिटांत. म्हणजे ताशी किती? २८२ किलोमीटर. थांबा इथे जरा. बातमीच्या शेजारी चौकटीत लिहिलेलं असायचं की हायपरलूप ताशी हजार किलोमीटरच्या वर जातं. विमानापेक्षा जलद! पण जे वचन दिलंय त्याचा सरासरी वेग २८२. जपानमध्ये शिंकान्सेन आज रुळांवरून, उघड्या हवेत, ताशी ३२० पर्यंत धावते. मग निर्वात नळी कशासाठी? हा प्रश्न त्या दिवशी कुठल्याच मथळ्याखाली आम्हाला सापडला नाही. आमच्याही डोक्यात तेव्हा आला नाही, हे कबूल करायला हवं. आम्हीही ती बातमी नातेवाइकांच्या गटात पुढे ढकलली होती, खाली ‘आता पुण्यात राहून मुंबईत नोकरी’ असं लिहून.

आणि हजाराचा वेग इथे का गाठता येत नाही, तर मध्ये सह्याद्री आहे. वळणावर तुम्ही किती जोरात बाजूला ढकलले जाता, हे वेगाच्या वर्गावर ठरतं. माणसाला सहन होईल एवढाच धक्का ठेवायचा, अगदी मस्कच्या आराखड्यातली अर्ध्या गुरुत्वाकर्षणाची सढळ मर्यादा धरायची, तरी ताशी हजार किलोमीटरला वळणाची त्रिज्या पंधरा किलोमीटरच्या पुढे जाते. पंधरा किलोमीटरच्या त्रिज्येचं वळण खंडाळ्यात कुठे बसवणार? म्हणजे बोगदाच. बोरघाटात रेल्वेचा चढ ३७ ला १ आहे, कर्जतला गाडीला मागून बँकर इंजिनं लावावी लागतात, तोवर आपण खाली उतरून वडा घेतो. त्या घाटाला १८६३ पासून कुणी सहज हरवलेलं नाही.

आता पंधरा कोटी. वर्षाला पंधरा कोटी प्रवास म्हणजे दिवसाला ४ लाख ११ हजार. एका दिशेला साधारण दोन लाख. दिवसाचे अठरा तास सेवा चालली तर तासाला सुमारे ११,४०० माणसं एका दिशेला. कंपनीनं पुढे जो प्रवासी डबा दाखवला, त्यांच्या भाषेत पॉड, तो २८ जणांचा. भागाकार करा. तासाला ४०८ पॉड. दर नऊ सेकंदांना एक, आणि प्रत्येक पॉड गच्च भरलेला, पहाटे साडेपाचलासुद्धा.

ताशी २८२ च्या वेगानं नऊ सेकंदांत पॉड ७०० मीटर जातो. समजा पुढचा पॉड काही कारणानं जागीच अडकला. मागच्यानं चांगला कचकचीत ब्रेक लावला, माणसं पट्टे बांधून बसलेली आहेत असं धरून सेकंदाला ताशी दहा-अकरा किलोमीटरनं वेग उतरवला, तरी थांबायला एक किलोमीटर लागतो. अंतर सातशे मीटर, थांबायला हजार. यावर कंपनीचं उत्तर होतं, ते प्रामाणिकपणे सांगतो: पॉड ताफ्यानं धावतील, एकमेकांशी बोलतील, आणि पुढचा हळू झाला की मागचे त्याच क्षणी हळू होतील. कागदावर उत्तर चांगलं आहे. पण अशी कुठलीही प्रवासी व्यवस्था जगात कुठेच धावत नव्हती. जे कुठेच नाही ते गृहीत धरून आलेला पंधरा कोटींचा आकडा मथळ्यात गेला, आणि गृहीतक गेलं वाऱ्यावर.

नळीचंही जाता जाता. पोलाद उन्हानं वाढतं. अंशाला मीटरमागे बारा-दशलक्षांश, हे शाळेत होतं. पहाट आणि दुपार यांत नळीचं तापमान तीस अंशांनी बदललं, तर ११७ किलोमीटरच्या नळीची लांबी ४२ मीटरनं वाढते. ते सांधे सरकते हवेत आणि त्यातून हवा आत यायला नको, कारण बाहेरून प्रत्येक चौरस मीटरवर दहा टनांचा दाब आहे. हे अशक्य आहे असं आम्ही म्हणत नाही. कठीण आहे, महाग आहे, आणि कुणीतरी आधी करून दाखवायला हवं, एवढंच. नळीतल्या दाबाचा खेळ नवा नाही. ब्रुनेलसारख्या मोठ्या अभियंत्यानं १८४७ साली इंग्लंडमध्ये साउथ डेव्हनला हवेच्या दाबावर गाडी चालवली होती. नळीच्या फटीवरची चामड्याची झडप टिकेना, वर्षाच्या आत बंद. ब्रुनेल मूर्ख नव्हता. पण त्याचे पैसे भागधारकांचे होते, आणि भागधारकांनी हिशेब मागितला.

पैशाकडे येऊ. ७० हजार कोटी. ही रक्कम कुणी खाजगी कंपनीनं घातली तरी तिला व्याज लागतं. आठ टक्के धरा, वर्षाला ५,६०० कोटी. सगळेच्या सगळे पंधरा कोटी प्रवास झाले तर एका फेरीमागे ३७३ रुपये नुसतं व्याज. वीज नाही, पगार नाही, देखभाल नाही, नफा नाही. पाच कोटी प्रवास झाले तर ११२० रुपये. दर प्रवाशी दर फेरी. डेक्कन क्वीनच्या सेकंड क्लासचं तिकीट शंभर-सव्वाशेच्या घरातलं. मग ‘आता पुण्यात राहून मुंबईत नोकरी’ कोण करणार होतं? आम्ही नाही. पासवर जाणारा तर नाहीच नाही. बातमीच्या चित्रात मात्र सगळेच बसलेले होते.

आता ज्या गोष्टीसाठी हा विषय घेतला, ती सांगतो.

मंत्रिमंडळाची मान्यता जुलै २०१९ च्या शेवटी आली. त्याच आठवड्यात काय चाललं होतं ते आठवा. २६ जुलैच्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर–वांगणीच्या दरम्यान पुराच्या पाण्यात अडकली. चहूबाजूंनी पाणी, हजाराहून अधिक प्रवासी रात्रभर डब्यात. दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलानं रबरी बोटींतून त्यांना बाहेर काढलं. पुढे ऑगस्टमध्ये मंकी हिल ते नागनाथ या पट्ट्यात दरडी कोसळल्या आणि मुंबई–पुणे गाड्या कित्येक दिवस बंद राहिल्या. ज्यांची रोजची ये-जा होती त्यांनी काय केलं? कुणी रजा टाकली, कुणी एसटीला लोंबकळलं, कुणी चौघांत गाडी ठरवून खिसा रिकामा केला.

दोन्ही बातम्या छापल्या गेल्या. वांगणीची तर पहिल्या पानावर, बोटीच्या छायाचित्रासह. पण त्या दोन्ही बातम्या एकमेकींना भेटल्या नाहीत. एकाच घाटाच्या, एकाच मार्गाच्या, एकाच आठवड्याच्या बातम्या. एकीचं पान ‘आपत्ती’, दुसरीचं पान ‘विकास’. आपत्तीच्या बातमीत पाऊस दोषी असतो आणि विकासाच्या बातमीत कुणीच जबाबदार नसतं. नागनाथला दरड का येते, घाटात जाळ्या किती लावल्या, पाण्याची वाट कुणी बुजवली, कर्जत–लोणावळ्याच्या जादा मार्गिकेचं पुढे काय झालं, हे प्रश्न विचारायला कुणी ब्रॅन्सन येत नाही. तिथे फीत कापायला काही नसतं.

आमचा आक्षेप स्वप्न बघण्यावर नाही. आक्षेप आहे तो या वाटणीवर. ज्या गाडीत एकही माणूस बसलेला नव्हता तिला मंत्रिमंडळात जागा मिळाली, आणि ज्या गाडीत हजार माणसं पाण्यात बसली होती तिला आपत्ती व्यवस्थापनात. सरकारचं लक्ष, अधिकाऱ्यांचे तास, सर्वेक्षणं, सल्लागार, बातमीदारांचे रकाने या सगळ्या मोजक्या वस्तू आहेत. त्या एकीकडे गेल्या की दुसरीकडे कमी पडतात. याचा हिशेब कुठल्याच अहवालात येत नाही.

पुढची गोष्ट लवकर सांगून टाकतो. सरकार बदललं. जानेवारी २०२० मध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार म्हणाले की हे तंत्रज्ञान आधी जगात कुठेतरी यशस्वी होऊ दे, मग पाहू. बोलणं रोखठोक होतं आणि बरोबर होतं. पण बातमी कशी झाली? ‘आधीच्या सरकारच्या स्वप्नाला ब्रेक.’ मग दोन्ही पक्षांचे समर्थक एकमेकांवर तुटून पडले. कुणी म्हणालं सूडाचं राजकारण, कुणी म्हणालं आधीचं सगळं थोतांड. नऊ सेकंदांचा भागाकार पुन्हा राहिला तो राहिलाच. आमच्या मते राजकीय बातमी आर्थिक बातमीचं सर्वांत मोठं नुकसान इथेच करते: प्रकल्प खरा की खोटा हे न पाहता तो कुणाचा हे पाहिलं जातं.

नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेत नेवाडाच्या वाळवंटात कंपनीनं पहिल्यांदा माणसं बसवून चाचणी घेतली. ही चाचणी खरी होती, आणि करणारे लोक हुशार होते. दुसऱ्या फेरीत बसलेल्यांत आपल्या पुण्याचा एक तरुण अभियंता होता, आणि इथल्या वर्तमानपत्रांना त्याचा अभिमान वाटला, तो रास्तच होता. पण चाचणी काय होती? ५०० मीटरचा मार्ग, कमाल वेग ताशी १७२ किलोमीटर, पंधरा-एक सेकंदांचा प्रवास. ताशी १७२! तो वेग आपल्याकडच्या रुळावरच्या गाड्यांच्या आसपासचा. बातमीत मात्र चाचणीच्या आकड्याशेजारी पुन्हा ‘ताशी हजार’ होतंच. झालेली गोष्ट आणि व्हायची गोष्ट एकाच वाक्यात, मध्ये फक्त स्वल्पविराम.

आम्ही या स्वल्पविरामावर पुष्कळ विचार केला आहे. मराठीत आपल्याकडे ‘होणार’ हा फार सोयीचा शब्द आहे. ‘प्रवास पंचवीस मिनिटांत होणार.’ कोण करणार, कधी, नाही केलं तर काय, हे ‘होणार’ सांगत नाही. कर्ता गळून पडतो आणि क्रिया मात्र ठाम राहते. मग चार दिवसांनी ‘होणार’चं ‘होणार असलेला’ होतं: ‘मुंबई–पुणे दरम्यान होणार असलेल्या हायपरलूपमुळे जमिनींना मागणी.’ भविष्यकाळ विशेषण होऊन बसला की त्याला कुणी प्रश्न विचारत नाही. फ्लॅटच्या जाहिरातीत तर तो थेट वर्तमानकाळ होतो. कुणी जास्त पैसे मोजून घर घेतलं असेल तर त्याला या व्याकरणाची किंमत आम्ही सांगायची गरज नाही.

फेब्रुवारी २०२२ मध्ये कंपनीनं १११ जणांना कामावरून कमी केलं आणि यापुढे माणसं नव्हे, माल वाहून नेऊ असं जाहीर केलं. त्याच वर्षी व्हर्जिननं आपलं नाव काढून घेतलं. ३१ डिसेंबर २०२३ ला कंपनी बंद झाली. जगात कुठेही तिचा एकही प्रवासी मार्ग झाला नाही. मराठीत ही बातमी आली, आली नाही असं नाही. पण परदेशातल्या एका कंपनीचं काहीतरी झालं, अशा थाटात. ‘आपला पंचवीस मिनिटांचा प्रवास संपला’ असं कुणी लिहिलं नाही. जन्माची बातमी स्थानिक आणि मरणाची बातमी आंतरराष्ट्रीय. मघाशी वर आलेल्या हातांमधला फरक तिथूनच येतो.

झालं, संपलं असं वाटलं ना? २०२५ च्या फेब्रुवारीत आयआयटी मद्रासच्या चाचणी मार्गाची बातमी आली. सुमारे चारशे मीटरचा मार्ग, विद्यार्थ्यांनी आणि संशोधकांनी मेहनतीनं उभारलेला, आणि संशोधन म्हणून आम्हाला त्याचं कौतुकच आहे. संशोधनसंस्थेनं हेच करायचं असतं. पण मथळा? ‘दिल्ली–जयपूर अर्ध्या तासात.’ तीनशे किलोमीटर, अर्धा तास, ताशी सहाशे. चारशे मीटरवरून तीनशे किलोमीटर म्हणजे साडेसातशे पट. आणि एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं तिथूनच निघालेल्या एका कंपनीशी सामंजस्य करार केला: जेएनपीटी ते वाढवण बंदर, मालवाहतुकीसाठी. वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली, बंदर अजून व्हायचंय. म्हणजे जे बंदर नाही तिथे जाणारी, जी अजून कुठेच धावत नाही अशी गाडी. यातला कुठलाही शब्द आम्ही चढवून सांगितलेला नाही.

मालवाहतुकीला हे तंत्रज्ञान कदाचित लागू पडेल. मालाला चक्कर येत नाही आणि माल पट्टा बांधत नाही. पण मालाला घाईही नसते, हे विसरू नका. कंटेनर दोन तास आधी पोचावा म्हणून किती जास्त पैसे द्यायला कोण तयार आहे, हा प्रश्न त्या बातमीला विचारायचा आहे. उरण आणि पालघरच्या मध्ये रस्त्यावर ट्रक तासन्‌तास उभे राहतात ते का, हाही.

हे असं होत राहण्यात आपलाही हात आहे. ‘दरडीच्या जाळ्यांसाठी निधी’ हा मथळा आपण उघडत नाही. ‘पंचवीस मिनिटांत’ उघडतो. संपादकाला ते ठाऊक असतं, मंत्र्याला त्याहून जास्त. डेक्कन क्वीन १ जून १९३० ला सुरू झाली. १९२ किलोमीटरला तिला आजही सव्वातीन तासांच्या आसपास लागतात. ती दहा मिनिटं लवकर यावी म्हणून काय करावं लागेल, कुठला सिग्नल, कुठली मार्गिका, कल्याण–कर्जतवर लोकलशी कशी वाटणी, या विषयावर सलग पान भरलेलं आम्ही तरी पाहिलेलं नाही. ते पान आलं असतं तर आम्ही वाचलं असतं का, हेही खात्रीनं सांगवत नाही.

एक छोटं काम आम्ही गटात सुरू केलं आहे. वर्तमानपत्रातली ‘होणार’वाली बातमी दिसली की तिची तारीख, आकडा, आणि दिलेली मुदत एका वहीत लिहायची. मुदत संपली की वही उघडायची आणि त्या वर्तमानपत्राला एक पोस्टकार्ड टाकायचं: अमुक तारखेला आपण असं छापलं होतं, पुढे काय झालं, कृपया छापावं. आतापर्यंत अकरा कार्डं गेली. उत्तर एकाचं आलं, ‘आपली सूचना विचारार्थ ठेवली आहे’ असं. (हशा) पण वही वाढते आहे. हायपरलूपचं पान त्यात पहिलं आहे, आणि वाढवणचं सगळ्यात शेवटचं. ज्यांना वहीत भर घालायची असेल त्यांनी आज इथून जाताना दाराशी नाव द्यावं. ऑनलाइन ऐकणाऱ्यांनी आपापली वही करावी, आमच्या वहीची वाट पाहू नये.

आता प्रश्न घेऊ. तुम्ही, चष्मेवाले काका, हो, आधी तुम्हीच. माइक जरा त्यांच्याकडे द्या.